आत्यानं ठेवलेलं नाव

वन्सं,

परवा तुमच्या तेराव्याला जेवून उठलेल्या प्रत्येक बाईनं मला एकच सांगितलं, अशी नणंद मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवत होते आणि वाढत होते. भाग्य होतंच. पण त्या भाग्याच्या जोडीनं इतकी वर्षं मला तुमचा जो हेवा वाटला, तो पंगतीत सांगण्यासारखा नव्हता. तुमच्या फोटोवरचा हार अजून पुरता सुकलेला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला याचं आश्चर्य वाटणार नाही. मी कशी आहे हे या घरात सगळ्यात आधी तुम्हीच ओळखलंत.

लग्न होऊन मी सिल्वासाला आले ती नवऱ्याच्या घरी नाही, तुमच्या क्वार्टरमध्ये. दारावरची पाटी तुमच्या नावाची. तुम्ही जमिनीच्या कचेरीत टायपिस्ट, यांच्या कितीतरी आधी नोकरीला लागलेल्या. तुमच्या मागोमाग हे चिपळूणहून आले आणि बांधकाम खात्यात चिकटले. बाजारात तुम्ही सगळ्यांच्या वत्सलाबेन, आणि मी वत्सलाबेनची भाभी. मग मी हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवायला लागले. वाटलं, आता तरी मला माझं नाव मिळेल. खडोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशी माणसांची मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्या आया मला रस्त्यात थांबवायच्या. मुलगा अभ्यासात कसा आहे हे विचारतील म्हणून मी थांबायची. "बाई, वत्सलाबेनला सांगशात का, आमचा एक अर्ज टाईप करी देतीन?" मी येऊन तुम्हाला निरोप सांगायची. तुम्ही रविवारी कचेरीतलं जुनं यंत्र घरी आणून तो अर्ज टाईप करायचात, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या दारात शेवग्याच्या शेंगा येऊन पडलेल्या असायच्या. त्या शेंगांची आमटी मीच करायची.

मुलगा झाला तेव्हा हे म्हणाले, "नाव ताई ठेवेल. तिला हवं ते ठेवू दे." आत्याचा मानच तो. मी हो म्हटलं. बारशाला तुम्ही पाळण्यावर वाकलात, त्याच्या कानाशी तोंड नेलंत, बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले आणि तुम्ही सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंत, "देवदत्त." दादा, माझे मामंजी, चिपळूणहून आले होते. त्यांनी पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. अस्सल आपल्यातलं नाव."

मी किती सुखावले होते, वन्सं. संस्कृतच्या व्याकरणात कोणाला गावाला पाठवायचं झालं तर देवदत्तच जातो, भात शिजवायचा तर देवदत्तच शिजवतो. अर्जुनाच्या शंखाचं नाव तेच. मला वाटलं, माझी पुस्तकं चाळून तुम्ही हे नाव काढलंत, माझा मान म्हणून. दरवर्षी वर्गात मी त्याची फोड करायची. देवेन दत्तः, देवाने दिलेला, तृतीया तत्पुरुष. आणि मनात तुम्हाला एक नमस्कार करायची. बाकी सगळ्या बाबतीत तुमच्यावर जळत असताना त्या एका गोष्टीपुरती मी तुमच्यावर खूश होते.

बाकी सगळं म्हणजे मुख्यतः देवदत्तच. तो तुमचा झाला. डोकमर्डीच्या रस्त्यावर त्याला सायकल तुम्ही शिकवलीत, नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायका ओट्यावरून बघत असताना, पदर खोचून, सायकलमागे धावत. ताप आला की मी उशाशी बसलेली असायची आणि तो डोळे न उघडता विचारायचा, "आत्या आली का?" शाळेत पडला, गुडघा फुटला, तरी तोंडातून शब्द यायचा आत्या. मी त्याच शाळेत होते. दोन वर्ग सोडून.

वर्षातून दोन-तीनदा तुम्ही त्याला घेऊन दमणला जायचात. वापीपर्यंत एक बस, पुढे दुसरी. "आमच्या ऑफिसात होते ना ते तेओदोर, त्यांच्याकडे," एवढंच सांगायचात. तेओदोर मला ऐकून माहीत होते. पोर्तुगीज गेले तरी जमिनीचे जुने कागद त्यांच्याच भाषेत राहिले होते. ते वाचून इंग्रजीत सांगायला कचेरीनं दमणचे तेओदोर ठेवले होते. ते सांगायचे आणि तुम्ही टाईप करायचात. रांधा गावाला मोजणी निघाली तर तुम्ही दोघं जीपमधून जायचात. पुढे ते बदली घेऊन आपल्या गावी गेले. त्यांनी लग्न केलं, दोन मुली झाल्या. अशा घरी तुम्ही भाच्याला घेऊन जेवायला जाता, यात मला काही खटकलं नाही. खटकलं ते एवढंच, की तुम्ही मला कधी चल म्हणाला नाहीत. मला समुद्र आवडत नसेल असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

देवदत्त सहावीत असताना असाच एकदा दमणहून आला. नाक उन्हानं सोललेलं, चपलांत वाळू. मी पेपर तपासत होते.

"आई, तुला माहितीये? तेओअंकलचं आणि माझं नाव एकच आहे."

"काहीतरीच काय."

"खरंच. ते नाव ग्रीक आहे. थिओस म्हणजे देव, दोरोन म्हणजे दिलेली वस्तू. ग्रीकांचं थिओदोरोस, त्याचं पोर्तुगीज लोकांनी तेओदोरो केलं. आणि आत्यानं त्याचं देवदत्त केलं."

आत्यानं केलं. तो सहज बोलून गेला आणि पाय धुवायला गेला. माझ्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. इतकी वर्षं मी ज्या नावाची फोड फळ्यावर करत होते, ते माझ्या पुस्तकांतून आलंच नव्हतं. ते कचेरीतल्या एका टेबलावरून आलं होतं.

मी स्वयंपाकघरात आले. तुम्ही पोळ्या लाटत होतात.

"वन्सं, देवदत्त हे नाव तुम्ही कुठून आणलंत?"

तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "कळलं वाटतं तुला."

"मला वाटत होतं..."

"तुला काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं, नीला. तू खूश होतीस. ते कशाला मोडायचं?"

"माझ्या मुलाला परक्या माणसाचं नाव दिलंत."

तेव्हा तुमचं लाटणं थांबलं. "परका नाही तो," तुम्ही म्हणालात. "आणि नाव त्याचं नाही, नाव देवदत्तच आहे. घरात कोणाला खटकलं? दादांना खटकलं?" मग थोडं हसून, जणू माझी समजूत घालावी तसं, "आणि बघ ना, थिओस आणि देव, किती जवळचे शब्द. मुळात एकच असणार."

"नुसते सारखे ऐकू आले म्हणून शब्द एक होत नाहीत," मी म्हणाले. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. "मी नाव बदलणार आहे. दहावीच्या आधी बदलता येतं."

"बदल," तुम्ही पोळी तव्यावर टाकलीत. "आई आहेस तू. शाळेत बदल, रेशनकार्डावर बदल, मी अडवणार नाही. पण का बदललं ते त्याला सांगावं लागेल. ते तू सांग."

संध्याकाळी हे अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते चिडतील, तुम्हाला जाब विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. हे चेन बसवतच राहिले.

"मला माहीत होतं," म्हणाले.

मग त्यांच्याकडून मला कळलं ते, जे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही दादांना सांगितलं होतंत की मी तेओदोरशी लग्न करते. दादांनी अन्न सोडलं. चर्चमध्ये जाणारा जावई या घराला चालणार नाही, एक तर तो नाहीतर आम्ही, असं म्हणाले. तेव्हा तुम्ही यांचा हात धरून म्हणाला होतात, सुधा, दादांना एवढं सांग की त्याच्या नावाचा अर्थ देवदत्त. माणूस नको बघू देत, नाव तरी ऐकू देत.

"मी सांगितलं नाही," हे म्हणाले. "दादांसमोर उलटून बोलायची माझी छाती नव्हती. ताईनं मला कधी बोल लावला नाही. मुलगा झाला तेव्हा मीच तिला म्हटलं, तुला हवं ते नाव ठेव. तिनं पाळण्यावर ते नाव उच्चारलं आणि दादांनी वा म्हटलं. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे."

तुम्हाला खरं सांगते, त्या संध्याकाळी मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, बारशाला सगळ्या बायकांच्या डोक्यावरून बहीण-भाऊ एकमेकांकडे बघत होते आणि मी, मुलाची आई, घुगऱ्यांचं ताट घेऊन मधे उभी होते. आणि दुसरं वाटलं ते याहून वाईट. मला वाटलं, या बाईच्या आयुष्यात एक माणूस असा आला, की त्याच्या नावाचा अर्थ तिला आपल्या भाषेत आणावासा वाटला. माझं लग्न पत्रिका जुळवून झालं. यांचं नाव सुधाकर, म्हणजे चंद्र. मी संस्कृत शिकवते, तरी हे नाव चंद्राचं आहे हे लग्नानंतर किती वर्षांनी माझ्या मनात आलं, तर त्या संध्याकाळी. ते सायकलचे काळे हात साबणानं धूत होते.

पुढचे काही दिवस मी मुलाला नावानं हाक मारू शकले नाही. अरे, बाळा, इकडे ये, असंच चाललं. "आई, मला सारखं अरे अरे का करतेस?" त्यानं विचारलं. मी काहीतरी सांगितलं. मग एकदा तो रस्त्याच्या पलीकडून मित्रांशी बोलत बोलत, मागं बघत, येत होता आणि खडोलीकडचा एक ट्रक वळणावरून भरधाव आला. मी ओट्यावर होते. माझ्या तोंडातून जे निघालं ते पूर्ण नाव निघालं, गळा फाटेल इतक्या मोठ्यानं. तो जागच्या जागी थांबला. ट्रक गेला. तुम्ही खिडकीत उभ्या होतात. तुम्ही ऐकलंत आणि आत गेलात. जिंकल्यासारखा चेहरा केला असतात तर मला भांडता आलं असतं. तेही तुम्ही करू दिलं नाहीत.

नाव मी बदललं नाही. बदलणार नाही असं तुम्हाला कधी सांगितलंही नाही.

पण तो थिओस आणि देवाचा वाद माझ्या मनातून गेला नव्हता. गेल्या वर्षी संस्कृत शिक्षकांच्या शिबिराला पुण्याला गेले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एका वयस्कर प्राध्यापकांना गाठलं आणि विचारलं. त्यांनी हात धुता धुता सांगितलं. दोरोन आणि दत्त, दोन्ही एकाच मुळाचे, दा म्हणजे देणे. पण थिओस आणि देव यांचा काही संबंध नाही, ते निराळ्या मुळांचे, सारखे वाटतात हा योगायोग. परतीच्या प्रवासात मी एवढी आनंदात होते की शेजारच्या बाईनं विचारलं, घरी काही कार्य आहे का?

तोवर तुमचं दुखणं निघालं होतं. वापीच्या दवाखान्यात जाऊन-येऊन तुम्ही अर्ध्या झाला होतात. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"वन्सं, मी विचारून आले. देणं तेवढं एक आहे. थिओस आणि देव एक नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तुमच्याहून मला जास्त माहीत होतं, आणि आजारी माणसाला ते सांगून मी उभी होते. मग तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "देव निराळे आहेत हे तर दादाही सांगत होते. देणं एक निघालं ना? मला पुरे." आणि मला पाणी प्यायला सांगितलंत, उन्हातून आलीस म्हणून.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला देवदत्तच्या हातून पाणी हवं असायचं. चौदा वर्षांचा मुलगा, मिसरूड फुटायला लागलेलं, तुमचं डोकं उचलून धरून चमच्यानं पाणी पाजायचा. तुमची वेणी मी घालत होते, चादरी मी बदलत होते, आणि तुम्ही माझा हातही धरायचात, नाही असं नाही. पण तो शाळेतून आला, फाटक वाजलं, की तुमची मान तिकडे वळायची. मी मेले तर तो माझ्यासाठी असं करील का, हा विचार मी त्या खोलीत उभी राहून केला. तुम्ही जात असताना मी स्वतःच्या मरणाची तुमच्याशी बरोबरी करत होते.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कोणाला काही न सांगता बाहेर पडले आणि दुपारी परत आले. अंगावर प्रवासाची धूळ होती. "दमणला जाऊन आलो," म्हणाले. "आपल्या तोंडानं सांगायला हवं होतं." एवढंच. जे दादांसमोर बोलायला त्यांना जमलं नव्हतं, त्यासाठी ते एवढ्या वर्षांनी दोन बस बदलून गेले. तेओदोर म्हणाले म्हणे, तुमचे सगळे विधी होऊ द्या, कोणाला अवघड वाटायला नको, मग येतो.

काल ते आले. बरोबर त्यांची बायको लिंदा. तेओदोर मी पहिल्यांदाच पाहिले. मी मनात काय काय रंगवलं होतं, आणि हे डोक्यावर थोडे केस उरलेले, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेले गृहस्थ. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, मग यांनी त्यांना आपली खुर्ची दिली. दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. शेवटी देवदत्तच म्हणाला, "अंकल, नदीवर जाऊन येऊ या का?" आणि तिघं दमणगंगेकडे गेले.

लिंदा माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. न विचारता खाली बसली आणि लसूण सोलायला घेतला.

"मला मराठी बराबर नाही येत," ती म्हणाली. मग एक पाकळी सोलून, "वत्सलाबेन येणार असली, की हा सकाळपासून शर्टला इस्त्री करायचा. माझ्याबरोबर मच्छी घ्यायला बनियनवर जातो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लसणाकडे बघत होती.

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं.

"वाटायचं ना. पहिल्या वेळी मी कढीत मीठ जास्त टाकलं. जाणूनबुजून."

"मग?"

"मग काय. ती सगळी जेवली. वरती म्हणते, लिंदा, अजून वाढ. हा एक घास खाऊन पाणी प्यायला, ती मागून मागून जेवते आहे." तिनं पाकळ्या वाटीत टाकल्या. "दुसऱ्या वेळी माझ्या छोट्या मुलीला ताप होता. तर वत्सलाबेन तिला मांडीवर घेऊन बसली दिवसभर. याच्याशी बोललीपण नाही. आता सांगा, मी भांडू कशी?"

"वाईट असत्या तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

"हां," लिंदा म्हणाली. "तेच तर."

आणि मग वन्सं, मी रडले. तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नव्हते. घरात माणसं होती, चहा होता, यांना सावरायचं होतं, देवदत्त भिंतीकडे तोंड करून बसला होता. काल मात्र त्या अनोळखी बाईशेजारी जमिनीवर बसून मी हुंदके देऊन रडले. तिचेही डोळे वाहत होते. ती मनगटानं पुसत होती, कारण बोटांना लसूण होता. तुमच्याबद्दल कोणीतरी मला खरं बोलू दिलं होतं. तुम्ही होतात तेव्हा हे बोलायला मला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तुमच्याशी ते बोलता येत नव्हतं.

ते तिघं नदीवरून आले तेव्हा लिंदानं कढी केली होती, मी भात लावला होता. तुम्ही गेल्यापासून देवदत्त दोन घास खाऊन उठत होता. काल पोटभर जेवला. तेओदोरनी त्याला नदीवर काय सांगितलं ते त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंतर ताट पुढे सरकवून, माझ्याकडे न बघता, "आंटी, अजून वाढा," असं तो लिंदाला म्हणाला.

आणि वन्सं, तुमचा वाटायचा तसाच हेवा मला लिंदाचा वाटला. तुम्ही गेल्यावर हा हेवा घेऊन मी कुठे जाऊ, असं मला वाटत होतं. आता पुढच्या महिन्यात देवदत्तला घेऊन मीच दमणला जाणार आहे.